आधी खुर्ची मोजा, मग उमेदवार: अमेरिकेतल्या गव्हर्नरच्या निवडणुकीत तुलना करायची तरी कशाची?

२०२५ च्या ऑक्टोबरात एका रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर एका कागदाचा फोटो आला. माझी मामेबहीण न्यू जर्सीत एडिसनला राहते. अमेरिकेची नागरिक होऊन तिला जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि गव्हर्नरपदासाठी ती पहिल्यांदाच मत देणार होती. तिकडे मतदानाआधी नमुना मतपत्रिका टपालाने घरी येते. घड्या उलगडत गेलं की लांबच लांब होणारा कागद. पक्षांचे रकाने, वर गव्हर्नरपदाचे उमेदवार, खाली असेंब्लीचे, त्याखाली गावातल्या पदांचे. फोटोत कागदाच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग होता, म्हणजे बाई ओट्यावर ठेवूनच वाचत होती. खाली एवढंच लिहिलेलं: ‘दादा, ह्या दोघांत डावं-उजवं ठरवायचं कसं?’

मी उत्तर लिहितोय तोवर शेजारी बसलेले काका फोनमध्ये डोकावले. म्हणाले, ‘‘गव्हर्नर म्हणजे राज्यपालच ना? राज्यपालाची कसली आलीय निवडणूक? तो दिल्लीहून नेमून येतो.’’

बहिणीच्या प्रश्नाला त्या रात्री मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. नंतर नीट वाचत बसलो, तेव्हा लक्षात आलं की तिच्या प्रश्नाचं उत्तर काकांच्या प्रश्नातून जातं. ही खुर्ची नेमकी काय आहे, हे कळल्याशिवाय तिच्यावर कोण बसावं हे ठरवता येत नाही. ३ नोव्हेंबर २०२६ ला अमेरिकेतली ३६ राज्यं आपापला गव्हर्नर निवडणार आहेत. ज्यांची पोरं-बाळं टेक्सस, कॅलिफोर्निया, जॉर्जिया, मिशिगनमध्ये आहेत त्यांच्याकडेही असे फोटो येणार. म्हणून हा लेख. उदाहरण मात्र न्यू जर्सीचंच घेतो, कारण तिथला निकाल लागलेला आहे आणि पडताळून बघता येतं.

राज्यपाल नव्हे, थेट निवडलेला मुख्यमंत्री

काकांची चूक शब्दाने केली. आपण ‘गव्हर्नर’चं भाषांतर राज्यपाल असं करतो, पण अमेरिकेतला गव्हर्नर कामाने आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. राज्याचं सरकार तो चालवतो, अंदाजपत्रक तो मांडतो, खात्यांचे प्रमुख तो नेमतो.

फरक एकच, पण मोठा. आपला मुख्यमंत्री आमदारांच्या बहुमतावर उभा असतो. बहुमत गेलं की खुर्ची गेली. अमेरिकेतल्या गव्हर्नरला लोक थेट निवडतात, म्हणून विधिमंडळात विरोधकांचं बहुमत असलं तरी तो चार वर्षं हलत नाही. आपल्याकडचा थेट जनतेतून निवडून आलेला नगराध्यक्ष आठवा. अध्यक्ष एका पक्षाचा, सभागृह दुसऱ्या पक्षाचं, आणि मग प्रत्येक ठरावावर रस्सीखेच. गव्हर्नरचं बऱ्याचदा तसंच होतं. त्यामुळे कुठल्याही उमेदवाराचं आश्वासन ऐकलं की पहिला प्रश्न हा: हे तो एकट्याच्या सहीने करू शकतो, की त्याला विधिमंडळ लागेल, की ते मुळात त्याच्या हातातच नाही? सगळी तुलना या तीन कप्प्यांत बसवता येते. मला तरी याहून चांगली चाळणी सापडलेली नाही.

खुर्ची सगळीकडे सारखी नसते

अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतंत्र राज्यघटना आहे, त्यामुळे ५० राज्यांत ५० मापांच्या खुर्च्या. व्हर्जिनियात गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नाही. न्यू हॅम्पशर आणि व्हर्मॉन्टमध्ये मुदत दोनच वर्षांची. नॉर्थ कॅरोलायनाच्या गव्हर्नरकडे १९९० च्या दशकापर्यंत व्हेटो, म्हणजे विधिमंडळाने मंजूर केलेलं विधेयक नाकारण्याचा अधिकारच नव्हता. टेक्ससमध्ये लेफ्टनंट गव्हर्नर (म्हणजे उपगव्हर्नर), अ‍ॅटर्नी जनरल (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी), शेतीखात्याचा प्रमुख हे सगळे लोकांनी स्वतंत्र निवडलेले असतात. ते गव्हर्नरचे हाताखालचे लोक नव्हेत, आपापल्या मतदारांना बांधील. तिथे गव्हर्नर म्हणजे एकत्र कुटुंबातला कर्ता, पण चार भावांच्या चुली वेगळ्या.

न्यू जर्सी याच्या अगदी उलट टोकाला. अमेरिकेतल्या सर्वात ताकदवान गव्हर्नरांमध्ये तिथल्या गव्हर्नरची गणना होते. राज्यपातळीवर लोक फक्त गव्हर्नर आणि त्याच्या जोडीचा लेफ्टनंट गव्हर्नर निवडतात. अ‍ॅटर्नी जनरल, जिल्ह्यांचे सरकारी वकील, खात्यांचे आयुक्त, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे सातही न्यायाधीश गव्हर्नर नेमतो. त्याला सेनेटची, म्हणजे राज्याच्या विधिमंडळातल्या वरच्या सभागृहाची, संमती लागते, पण नाव तोच सुचवतो. अंदाजपत्रकातली एखादी रक्कम नको वाटली तर तेवढ्याच ओळीवर काट मारायचा अधिकारही त्याच्याकडे असतो. विधेयक पसंत नसेल तर ‘इथे असा बदल करा, मग सही करतो’ म्हणून परतही पाठवता येतं. विधिमंडळाला त्याचा व्हेटो मोडायचा तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत. २०२५-२६ चं राज्याचं अंदाजपत्रक सुमारे ५९ अब्ज डॉलरचं होतं. एवढ्या पैशावर एका माणसाची पेन्सिल फिरते.

लेफ्टनंट गव्हर्नरचं पद तिथे अगदी अलीकडचं, २००५ च्या घटनादुरुस्तीतून आलेलं. त्याआधी गव्हर्नरने मधेच राजीनामा दिला की सेनेटचा अध्यक्ष त्याची जागा चालवायचा. जानेवारी २००२ मध्ये तर अशी गंमत झाली की आठ दिवसांत पाच जण त्या खुर्चीत बसून उठले, त्यातले एक महाशय जेमतेम दीड तास. आपल्याकडे सकाळचे शपथविधी पाहिलेल्यांना याचं फारसं आश्चर्य वाटू नये.

एक बोगदा, जो झाला नाही

खुर्चीची ताकद आकड्यांत सांगितली की पोचत नाही, म्हणून एक बोगदा सांगतो.

एडिसनहून न्यू यॉर्कला नोकरीला जाणारा माणूस रोज हडसन नदीखालून जातो. ते रेल्वेचे दोन बोगदे १९१० साली सुरू झाले. एकशे पंधराच्या घरात आलेलं वय, त्यात २०१२ च्या सँडी वादळात खारं पाणी शिरलेलं. एक बंद पडला की दुसऱ्यावर सगळा भार. माझ्या बहिणीचा नवरा रोज याच मार्गाने जातो आणि ‘उशीर होतोय’ हा त्याचा ठरलेला मेसेज आहे.

आता गंमत बघा. नव्या बोगद्याचं काम २००९ मध्येच सुरू झालं होतं. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी खर्च हाताबाहेर चाललाय असं सांगून तो प्रकल्प रद्द केला. एका माणसाच्या निर्णयावर खोदकाम थांबलं. तो निर्णय बरोबर की चूक यावर तिकडे आजही वाद घालता येतो. पण नव्या बोगद्याचं काम पुढे ‘गेटवे’ नावाने पुन्हा उभं करावं लागलं, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात, मतदान तोंडावर असताना, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याचाही निधी आपण रद्द केल्याचं सांगितलं. वॉशिंग्टनशी भांडून पैसे कोण आणेल, की गोडीगुलाबीने कोण आणेल, हा मग दोन्ही उमेदवारांपुढचा खरा प्रश्न झाला.

एक गोष्ट यातून लक्षात ठेवण्यासारखी. गव्हर्नरला काही उभं करायला दहा जणांची मदत लागते, थांबवायला मात्र बहुतेकदा तो एकटा पुरतो. उमेदवार काय करणार हे सगळे विचारतात. काय थांबवणार, हेही विचारायला हवं.

रिंगणातली दोन माणसं

डेमोक्रॅटिक पक्षाच्या मिकी शेरिल: नौदलात हेलिकॉप्टर चालवलेल्या, नंतर केंद्र सरकारच्या वकील, २०१९ पासून अमेरिकी काँग्रेसच्या सदस्य. रिपब्लिकन पक्षाचे जॅक चिटरेली: हिशेबनीस, वैद्यकीय प्रकाशनाचा धंदा उभा केलेले, राज्याच्या असेंब्लीत काम केलेले. गव्हर्नरपदासाठी त्यांचा हा तिसरा प्रयत्न. २०१७ मध्ये पक्षातच हरले, २०२१ मध्ये तेव्हाचे डेमोक्रॅट गव्हर्नर फिल मर्फी यांच्याकडून सुमारे तीन टक्क्यांनी. मर्फींच्या दोन मुदती संपल्या आणि लागोपाठ तिसऱ्यांदा उभं राहता येत नसल्याने २०२५ मध्ये जागा मोकळी झाली.

दोघांनाही आधी आपापल्या पक्षाची प्रायमरी जिंकावी लागली. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायला मतदारांनीच घातलेला कौल. आपल्याकडे हे काम ‘वरून’ होतं आणि एबी फॉर्म कुणाच्या खिशात गेला हे शेवटच्या तासाला कळतं, म्हणून हा प्रकार आपल्याला नवखा. १० जूनला डेमोक्रॅट्सच्या प्रायमरीत सहा जण होते. शेरिल सुमारे ३४ टक्के मतांवर जिंकल्या. म्हणजे पक्षातल्याच तिघांपैकी दोघांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं. शिक्षकसंघटनेच्या अध्यक्षांच्या बाजूने कोट्यवधी डॉलरचा प्रचार झाला होता, ते पाचवे आले.

या प्रायमरीत आणखी एक गोष्ट नवी होती. न्यू जर्सीत वर्षानुवर्षं जिल्ह्यातले पक्षनेते ज्यांना पाठिंबा देत, त्या सगळ्यांची नावं मतपत्रिकेवर एका ओळीत ठळक येत, आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. पंगतीत यजमानाची माणसं पुढच्या पाटावर आणि बाकीचे मागच्या पडवीत, तसं. २०२४ मध्ये अँडी किम या उमेदवाराने न्यायालयात धाव घेतली आणि ती ‘लाइन’ मोडली. त्यानंतरची गव्हर्नरपदाची ही पहिलीच प्रायमरी. कागदावर नाव कुठे छापलंय यानेही निकाल बदलतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

विजेचं बिल आणि तीनशे पानांची हमी

आता मूळ तुलना. जून २०२५ पासून न्यू जर्सीतली घरगुती विजेची बिलं १७ ते २० टक्क्यांनी वाढली. बहिणीनेही स्क्रीनशॉट पाठवला होता, सोबत डोळे फाटलेला इमोजी. प्रचारात हाच मुद्दा सर्वात तापला.

बिल का वाढलं ते आधी समजून घेऊ. न्यू जर्सीसह १३ राज्यांची वीज एका सामाईक जाळ्यातून फिरते. ते जाळं आणि त्यावरचा बाजार सांभाळणाऱ्या संस्थेचं नाव पीजेएम. ही संस्था दरवर्षी एक लिलाव घेते. त्यात वीज विकत घेत नाहीत. ‘ऐन उन्हाळ्यात सगळ्यांचे एसी एकदम लागले तर तेव्हा आम्ही तयार असू’ या हमीची किंमत ठरते. मंगल कार्यालयात आचारी किमान तीनशे पानांचे पैसे धरतो, पाहुणे अडीचशे आले तरी. हमीचं तसंच आहे. जुलै २०२४ च्या लिलावात ही हमी एका मेगावॉटला दिवसाला २८.९२ डॉलरवरून २६९.९२ डॉलरवर गेली. नऊपटीहून जास्त. कारण सरळ आहे: डेटा सेंटरं धडाधड उभी राहतायत, जुनी वीजकेंद्रं बंद होतायत, आणि नव्या केंद्रांना जाळ्याला जोडून घ्यायची रांग हलत नाहीये. पाहुणे वाढले, आचारी तेवढेच.

यावर शेरिल म्हणाल्या: पहिल्याच दिवशी वीजखर्चाबाबत आणीबाणी जाहीर करून दर गोठवीन. चिटरेली म्हणाले: हे मर्फींच्या ऊर्जाधोरणाचं फळ आहे, मी राज्याला ‘रेगी’तून बाहेर काढीन. रेगी म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांचा करार, ज्यात वीजकेंद्रांना धुराच्या प्रमाणात पैसे मोजावे लागतात.

दोन्ही आश्वासनं चाळणीत घाला. पीजेएमचा लिलाव कुठल्याच गव्हर्नरच्या हातात नाही, ते १३ राज्यांचं प्रकरण. पण राज्यातले दर मंजूर करणारं जे नियामक मंडळ आहे, आपल्या वीज नियामक आयोगासारखं, त्याचे पाच सदस्य गव्हर्नर नेमतो. म्हणजे आचाऱ्याचा दर त्याला ठरवता येत नाही, पण घरातल्या कुणाच्या वाट्याला किती यायचं आणि कुणाला सवलत द्यायची हे बरंचसं येतं. शेरिलबाईंचं ‘गोठवीन’ हे म्हणूनच अर्धं पहिल्या कप्प्यात आणि अर्धं तिसऱ्यात. गोठवलेला फरक शेवटी कुठून तरी भरावाच लागतो.

रेगीतून बाहेर पडणं मात्र गव्हर्नरला खरोखर जमतं. पुरावा इतिहासात आहे: क्रिस्टींनी २०११ मध्ये राज्याला बाहेर काढलं, मर्फींनी २०२० मध्ये परत आत नेलं. म्हणजे चिटरेलींचं आश्वासन शक्यतेच्या कसोटीवर जास्त भक्कम. पण दुसरी कसोटी लावली की ते डळमळतं: बिल ज्यामुळे उडी मारून वाढलं, ती हमीची किंमत. रेगी सोडल्याने ती खाली येत नाही. एकाचं आश्वासन रोगावर आहे पण औषध पूर्ण हातात नाही. दुसऱ्याचं औषध हातात आहे पण दुखणं दुसरीकडे. मला विचाराल तर अशा वेळी मी ‘कोण खरं बोलतंय’ हे विचारत नाही. ‘पैसे कुठून येणार’ हे कोण सांगतंय, ते बघतो. आणि त्या बाबतीत दोघांनीही निराशाच केली.

घरपट्टी, जी गव्हर्नर लावतच नाही

न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्स, म्हणजे आपली घरपट्टी, अमेरिकेत सर्वात जास्त. २०२४ मध्ये सरासरी घराचं वर्षाचं बिल पहिल्यांदाच १०,००० डॉलरच्या वर गेलं. आपल्याकडे घरपट्टी वाढली की लोक महापालिकेला शिव्या घालतात, आयुक्ताच्या दारात जातात. मुख्यमंत्र्याला कुणी धरत नाही. तिकडे मात्र गव्हर्नरच्या प्रत्येक निवडणुकीत हाच विषय. आणि गंमत अशी की ही घरपट्टी गव्हर्नर लावतच नाही. ती लावतात गाव, जिल्हा आणि शाळामंडळ. निम्म्याच्या आसपास पैसा एकट्या शाळांना जातो. एवढ्याशा राज्यात साडेपाचशेहून जास्त नगरपालिका आणि सहाशेच्या घरात शाळामंडळं आहेत. प्रत्येकाचा अधीक्षक वेगळा, कचेरी वेगळी.

मग गव्हर्नरचा संबंध काय? राज्य शाळांना मदत देतं. एखाद्या गावाची मदत कमी झाली की तेवढा बोजा घरपट्टीवर येतो. ती मदत कुणाला किती, याचं सूत्र कायद्यात आहे. म्हणजे दुसरा कप्पा, विधिमंडळ लागणारच. चिटरेलींनी हे सूत्र बदलायचं आणि घरपट्टीला घराच्या किमतीच्या प्रमाणात कमाल मर्यादा घालायची असं सांगितलं. ऐकायला छान. पण मग शाळांचा उरलेला खर्च कोण उचलणार? आणि डेमोक्रॅट्सचं बहुमत असलेलं विधिमंडळ हे मंजूर का करील? शेरिल यांचा भर मंडळं एकत्र आणून खर्च वाचवण्यावर होता. तेही ऐकायला छान. पण आपल्या गावची शाळा शेजारच्या गावात विलीन करतो म्हणा, मग बघा काय होतं ते. दोन वाड्यांच्या गणपतीमंडळांचं एकत्रीकरण करून पाहिलेल्याला हे कळेल.

अशक्य काहीच नाही, हेही खरं. गावांनी घरपट्टीची एकूण वसुली वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवू नये हा कायदा क्रिस्टी या रिपब्लिकन गव्हर्नरने डेमोक्रॅट विधिमंडळाकडूनच २०१० मध्ये करून घेतला. म्हणून ‘विरोधकांशी बोलून काम करून घ्यायची हातोटी’ हा गुण मी उमेदवाराच्या भाषणात शोधत नाही, मागच्या कामात शोधतो.

‘पण लोक शेवटी पक्षच बघतात ना?’

बघतात. नाही म्हणण्यात अर्थ नाही. तरी गव्हर्नरच्या निवडणुकीत ही भिंत बाकीच्यांपेक्षा जरा पातळ असते. केंटकी हे ट्रम्प यांना भरभरून मतं देणारं राज्य, तिथे अँडी बशीर हे डेमोक्रॅट २०१९ आणि २०२३ असे दोनदा निवडून आले. व्हर्मॉन्ट हा डेमोक्रॅट्सचा बालेकिल्ला, तिथे फिल स्कॉट हे रिपब्लिकन गव्हर्नर पुन:पुन्हा जिंकतात. रस्ते, शाळा, पूर आल्यावर कोण धावलं, या गोष्टींना अजून थोडी किंमत आहे.

काही राज्यांत तर मतदार एकाच दिवशी दोन पक्षांना वाटून मत देऊ शकतात, कारण लेफ्टनंट गव्हर्नर स्वतंत्र निवडला जातो. व्हर्जिनियात २०२५ मध्ये हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी त्या पदावर स्वतंत्र मतदानाने आल्या. न्यू जर्सीत मात्र जोडी एकत्र येते, निवड करायला वाव नाही.

‘जाहिराती बघून डोकं उठतं’

शेवटच्या महिन्यात शेरिल यांच्या नौदल अकादमीतल्या १९९४ च्या दिवसांवरून धुरळा उडाला, आणि चिटरेलींच्या कंपनीने वेदनाशामक औषधांबद्दल काय छापलं होतं त्यावरून दुसरा. दोघांनीही आरोप फेटाळले. यात घुसायचंच असेल तर एक विचारावं: हे खरं ठरलं, तर ह्या खुर्चीवरचं कोणतं काम हा माणूस वेगळं करील? उत्तर सुचत नसेल तर तो मुद्दा बाजूला ठेवावा.

जाहिरातीपेक्षा वादसभा बऱ्या. न्यू जर्सीत उमेदवाराला सरकारी निधी घेता येतो. लोकांकडून जमवलेल्या प्रत्येक डॉलरमागे दोन डॉलर. पण तो घेतला की जाहीर वादसभांना हजर राहणं बंधनकारक. पैसे घेतलेत ना, मग या समोरासमोर. ही अट मला फार आवडली.

‘सर्व्हेत तर अमुक पुढे आहे’

शितावरून भाताची परीक्षा करतात, तसाच मतचाचणीचा व्यवहार. पातेल्यात तीन किलो तांदूळ असले तरी एक शीत पुरतं, पण भात नीट ढवळलेला हवा. वरच्या थरातलं शीत घेतलं आणि खाली लागलेला असला तर फसगत. आणि चाचणीत चार टक्के चुकीची मुभा लिहिलेली असते, ती प्रत्येक उमेदवाराच्या आकड्याला वेगळी. दोघांमधलं अंतर त्याहूनही जास्त हलू शकतं, हे बातम्यांत सांगत नाहीत.

२०२१ मध्ये एका नावाजलेल्या विद्यापीठाच्या शेवटच्या चाचणीत मर्फी ११ टक्क्यांनी पुढे होते. जिंकले तीन टक्क्यांनी, आणि चाचणी घेणाऱ्या गृहस्थांनी चूक जाहीरपणे कबूल केली. २०२५ मध्ये भात उलट्या बाजूने लागला. बहुतेक चाचण्यांत शेरिल यांची आघाडी एक आकडी, एकीत तर जेमतेम एका टक्क्याची. ४ नोव्हेंबरला त्या सुमारे १४ टक्क्यांनी जिंकल्या. २० जानेवारी २०२६ ला शपथ घेतली आणि त्या समारंभातच वीजखर्चाबाबतच्या आदेशांवर सह्या केल्या.

‘आम्हाला मतच नाही, मग हे वाचून काय करू?’

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, कारण तिकडे गेलेली आपली निम्मी मंडळी एच-वन-बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर आहेत. मत फक्त नागरिकाला. झळ मात्र सगळ्यांना.

एकच उदाहरण. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी आदेश काढला, की तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला आपोआप नागरिकत्व मिळणार नाही. एच-वन-बीवरची सगळी तरुण जोडपी यात आली. दुसऱ्याच दिवशी १८ राज्यांनी मिळून न्यायालयात धाव घेतली आणि त्यांच्या पुढे न्यू जर्सीचे अ‍ॅटर्नी जनरल होते. त्यांना नेमलं होतं गव्हर्नरने. तसंच स्थानिक पोलिसांनी केंद्राच्या स्थलांतर अधिकाऱ्यांना किती मदत करायची याच्या मर्यादा ठरवणारा २०१८ चा निर्देशही तिथल्या अ‍ॅटर्नी जनरलचाच, तेव्हाच्या गुरबीर ग्रेवाल यांचा. चिटरेली तो मागे घेणार होते. न्यू जर्सीच्या मतपत्रिकेवर अ‍ॅटर्नी जनरलचं नाव कुठेच नसतं. गव्हर्नरच्या नावामागे ते लपलेलं असतं.

काकांचा प्रश्न

आता काका. राज्यपालाची कसली निवडणूक, असं ते म्हणाले होते. तर ती आपल्याकडेही होणार होती.

जुलै १९४७ मध्ये संविधान सभेत प्रांतांच्या घटनेचा आराखडा आला. सरदार पटेलांच्या समितीने सुचवलं होतं की राज्यपाल प्रौढ मतदानाने थेट निवडावा. सभेने ते तेव्हा मान्यही केलं. पुढे विचार बदलला. लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि लोकांनीच निवडलेला मुख्यमंत्री, एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार, हा आक्षेप वजनदार ठरला. मे १९४९ मध्ये ठरलं, की राज्यपाल राष्ट्रपतींनी नेमायचा.

आणि ज्या महिन्यांत दिल्लीत हे चाललं होतं, त्याच १९४७ च्या उन्हाळ्यात न्यू ब्रन्सविकच्या रटगर्स विद्यापीठात न्यू जर्सीची घटनासमिती बसली होती. एडिसनपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. त्यांनी बरोबर उलटं केलं: तोवर दुबळ्या असलेल्या गव्हर्नरच्या हातात नेमणुका दिल्या, मुदत तीनावरून चार वर्षांवर नेली.

हे सगळं काकांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘‘म्हणजे आपली होता होता राहिली,’’ म्हणाले. मग जरा वेळाने, ‘‘डॅलसच्या बंट्याचं मतदान कधी आहे म्हणालास?’’

३ नोव्हेंबर. आणि त्याची खुर्ची वेगळ्या मापाची आहे, हे त्याला आधी सांगायला हवं.